एकदाच सांगितलेले

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. बी.एड. झाल्यावर सोलापुरातल्या मुलींच्या एका हायस्कूलमध्ये शिक्षण सेवक म्हणून लागले आणि तिथेच कायम झाले. संगणकाचे माझे रीतसर शिक्षण एमएससीआयटीच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा ‘कर्नल’, ‘डिस्क’ असल्या विषयावर मी लिहायला बसले आहे हे पाहून आमच्या स्टाफरूममध्येही हसतील. पण गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या मनात सलत आहे. तिचे एक टोक माझ्या वर्गात आहे आणि दुसरे टोक दूर देशांत बसून संगणकाचा गाभा दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या कामात आहे. ती एकदा नीट सांगून टाकावी म्हणून हे लिहीत आहे.

२०१८ चा ऑक्टोबर महिना होता. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि शाळेचे इंटरनेट नेहमीप्रमाणे बंद होते. म्हणून मुलींची माहिती, म्हणजे नाव, जन्मतारीख, बँकेचे खाते, पालकांचे उत्पन्न, शाळेतल्या संगणकावर एका तक्त्यात टाइप करायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि संध्याकाळी नेट कॅफेत बसून अर्ज भरायचे, असे मी ठरवले. आमच्या संगणक खोलीत चारच संगणक चालत होते. त्यांच्यावर लिनक्स होते. ते फुकट मिळते, आणि पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाने एका सुट्टीत येऊन ते टाकून दिले होते.

नववीतली एक मुलगी माझ्या मदतीला होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी शाळांचे गणवेश शिवायची. मुलगी गणितात हुशार आणि टाइपिंगला हात चलाख. दोन दिवस मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिने चौदा मुलींची माहिती भरली. फाइल थेट पेन ड्राइव्हवरच ठेवली होती. शेवटच्या तारखेला शाळा सुटायच्या घाईत मी विचारले, “सेव्ह करी ना?” ती म्हणाली, “हौ टीचर, हो गया.” मी पेन ड्राइव्ह ओढून काढला, पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

कॅफेत पेन ड्राइव्ह लावला तर फाइलचे नाव दिसत होते, आत काहीच नव्हते. आकार शून्य. तोवर शाळेला कुलूप लागले होते. माझ्या पिशवीत जे कागद होते त्यांवरून रात्री दहापर्यंत बसून मी नऊ अर्ज भरले. पाच मुलींच्या पासबुकांच्या झेरॉक्स शाळेच्या कपाटात राहिल्या होत्या. त्या पाच जणींचे अर्ज त्या वर्षी गेले नाहीत. रक्कम मोठी नव्हती, पण वह्या-पुस्तके आणि दप्तर त्यात निघाले असते.

दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात तिला उभे केले. सेव्ह केले नव्हते तर झाले म्हणून का सांगितले, खोटे का बोललीस, तुझ्यामुळे पाच जणींचे नुकसान झाले, असे सगळे बोलले. त्या पाच जणी त्याच वर्गात बसल्या होत्या. ती काही बोलली नाही. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. नंतर संगणक खोलीत ती पुन्हा आली नाही, आणि मीही तिला बोलावले नाही.

२०१९ च्या जूनमध्ये रमजान ईदला भाऊ घरी आला. शिरखुर्मा झाल्यावर गप्पा चालल्या होत्या. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या ऑफिसात रात्री जागून डेटाबेसची आवृत्ती बदलण्याचे काम झाले होते, त्याची गोष्ट तो सांगत होता. डिस्कवर न लिहिलेले लिहिले म्हणून सांगणाऱ्या संगणकाची ती गोष्ट होती. ऐकता ऐकता मला माझ्या पेन ड्राइव्हची आठवण झाली आणि मी ती सांगितली. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. काढण्याआधी स्क्रीनवर ‘इजेक्ट’ केले होते का? मी म्हणाले, नाही. सेव्ह झाल्यावर किती वेळाने काढला? लगेच. तो म्हणाला, “आपा, वो बच्ची झूट नै बोली थी.”

त्याने जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ते कोणतेही सॉफ्टवेअर स्वतः डिस्कला हात लावत नाही. ते कर्नलला विनंती करते आणि कर्नल काम करून घेतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. आता डिस्क किंवा पेन ड्राइव्ह संथ असतो आणि मेमरी फार वेगवान. प्रत्येक अक्षरासाठी डिस्कची वाट पाहायची तर संगणक रांगत चालेल. म्हणून कर्नल आलेला मजकूर आधी मेमरीत टिपून घेतो आणि सॉफ्टवेअरला लगेच सांगतो, ‘झाले.’ अशा टिपलेल्या पण डिस्कवर न पोचलेल्या पानांना तंत्रज्ञ ‘डर्टी’, म्हणजे मळकी पाने म्हणतात. कर्नल नेहमीच्या मांडणीत दर पाच सेकंदांनी ही पाने तपासतो आणि साधारण तीस सेकंदांहून जुनी झालेली पाने डिस्ककडे रवाना करतो. त्या मधल्या काळात पेन ड्राइव्ह ओढून काढला तर मजकूर मेमरीतच राहतो. माझ्या बाबतीत जुनी फाइल पुसली गेली होती आणि नवी अजून उतरली नव्हती, म्हणून आकार शून्य.

म्हणजे त्या मुलीला संगणकाने ‘झाले’ म्हटले आणि तिने मला ‘झाले’ म्हटले. ती खरेच बोलली होती. घाई माझी होती.

मी विचारले, मग ज्यांच्याकडे बँकेचे हिशेब असतात ते काय करतात? त्यांना ‘झाले’ म्हणजे खरोखर झाले, हे कसे कळते? भाऊ म्हणाला, त्यासाठी वेगळा हुकूम असतो. त्याचे नाव ‘एफसिंक’. साधे लिहिणे म्हणजे पेटीत टाकलेले पत्र आणि एफसिंक म्हणजे पोचपावतीचे रजिस्टर पत्र. सॉफ्टवेअर कर्नलला म्हणते, या फाइलचे सगळे डिस्कवर पोचले अशी खात्री झाल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस, आणि पोचले नाही तर तसे सांग. हिशेबाची सगळी सॉफ्टवेअरे या एका हुकमाच्या भरवशावर उभी आहेत. आणि २०१८ मध्ये असे उघड झाले की लिनक्समध्ये या पोचपावतीवरही डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नव्हती.

पोस्टग्रेस नावाचा एक डेटाबेस आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९८६ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली आणि आज तो जगभर वापरला जातो. त्याची कामाची पद्धत आपल्या जुन्या पेढीसारखी आहे. पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. व्यवहार झाला की आधी कीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायचा. पोस्टग्रेसही तसेच करतो. ठरावीक वेळाने तो खतावणी पक्की करतो, म्हणजे एफसिंकचा हुकूम देतो. पावती मिळाली की कीर्दीची जुनी पाने टाकून देतो, कारण त्यांची गरज उरलेली नसते.

२०१८ च्या मार्चमध्ये क्रेग रिंगर या ऑस्ट्रेलियातल्या पोस्टग्रेस तंत्रज्ञाने आपल्या साथीदारांपुढे एक प्रकरण मांडले. एका ठिकाणी डिस्कमध्ये बिघाड झाला होता. पोस्टग्रेसने एफसिंक केले आणि कर्नलने सांगितले, लिहिता आले नाही. इथवर ठीक. पोस्टग्रेसने थोड्या वेळाने पुन्हा तोच हुकूम दिला. या वेळी उत्तर आले, सगळे ठीक. पोस्टग्रेसने विश्वास ठेवला आणि कीर्दीची पाने टाकली. प्रत्यक्षात खतावणीत ते व्यवहार कधी उतरलेच नव्हते. कीर्दही गेली आणि खतावणीही चुकली.

दुसऱ्यांदा ‘ठीक’ का म्हटले? कारण पहिल्या वेळी लिहिणे फसल्यावर कर्नलने त्या मळक्या पानांवर ‘स्वच्छ’ असा शिक्का मारला होता. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याने पाहिले, लिहायचे काहीच बाकी नाही. आणि चुकीची जी खूण होती ती एकदा सांगून झाल्यामुळे पुसली गेली होती. कर्नलच्या हिशेबाने तक्रार सांगून झाली होती, म्हणजे ती संपली होती.

याहून वाईट भाग पुढे आहे. एकच फाइल अनेक कामे एकाच वेळी उघडून बसलेली असतात. लिनक्सच्या जुन्या कर्नलमध्ये चुकीची खूण फाइलमागे एकच असायची, आणि जो पहिला विचारेल त्याला ती सांगून पुसली जायची. त्या पहिल्याला त्या चुकीशी काही देणेघेणे असो वा नसो. तो ऐकून निघून गेला, आणि मागून ज्याचा जीव त्या फाइलीत अडकला होता त्याने विचारले, तर त्याला उत्तर मिळायचे, सगळे ठीक.

या भागाची दुरुस्ती खरे तर आधीच सुरू झाली होती. जेफ लेटन या कर्नल विकासकाने केलेला बदल ४.१३ या आवृत्तीत आला. ती आवृत्ती सप्टेंबर २०१७ मध्ये निघाली. त्याने खुणेच्या जागी क्रमांक आणला. फाइलमध्ये चूक झाली की क्रमांक एकाने वाढतो. फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाने आपण शेवटी कोणता क्रमांक पाहिला ते स्वतःजवळ ठेवायचे. विचारायला आला की दोन्ही क्रमांक ताडून पाहायचे. वेगळे असतील तर त्याला चूक सांगायची. म्हणजे एकाला सांगितले म्हणून दुसऱ्याचे सांगणे चुकत नाही. प्रत्येकाला एकदा कळतेच.

यातही एक फट राहिली होती. चूक झाल्यानंतर जो फाइल नव्याने उघडेल त्याच्याजवळ आधीच वाढलेला क्रमांक येतो, त्यामुळे त्याला मागचे काहीच कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये लिहिणारे काम वेगळे आणि नंतर फाइल उघडून पावती मागणारे काम वेगळे, त्यामुळे तो नेमका याच फटीत सापडायचा. २०१८ च्या एप्रिलमध्ये मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ती बुजवली. जी चूक अजून कोणीच ऐकलेली नाही ती नव्याने येणाऱ्यालाही सांगायची, असा नियम झाला. तरीही मेमरीची चणचण पडून त्या फाइलची नोंदच मेमरीतून निघून गेली, तर तिच्याबरोबर चूकही विसरली जाते, एवढी अडचण त्यांच्या चर्चेत उरलीच.

मी भावाला विचारले, पण लिहिता न आलेल्या पानावर ‘स्वच्छ’ असा शिक्का मारायचाच कशाला? ते मळकेच ठेवावे आणि पुन्हा पुन्हा लिहून पाहावे. तो हसला. म्हणाला, याचे उत्तर तुलाच लागू आहे. एक्स्ट-४ या फाइल सिस्टीमची जबाबदारी सांभाळणारे टेड त्सो यांनी त्या वेळी हेच समजावले होते. लिहिणे फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कोणी तरी पेन ड्राइव्ह मध्येच ओढून काढतो. तो पेन ड्राइव्ह पुन्हा येईल याची काही खात्री नसते. त्याची पाने मळकी म्हणून धरून ठेवली तर मेमरी भरत जाईल आणि सगळा संगणक अडकेल. म्हणून टाकून द्यायची. माझ्यासारख्या घाईच्या माणसांसाठी केलेली ही सोय हिशेब ठेवणाऱ्यांच्या मुळावर आली होती.

त्या एप्रिलमध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या पार्क सिटी इथे कर्नलच्या विकासकांचा मेळावा भरला होता. पोस्टग्रेसचे लोक तिथे गेले आणि त्यांनी आपली बाजू मांडली. मला यातले विशेष वाटले ते हे की दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने बरोबर होते. एफसिंकचा लेखी नियम पाहिला तर चूक सांगून झाल्यावर पुढे काय व्हावे याचा त्यात स्पष्ट खुलासा नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे केले. फ्रीबीएसडी नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम फसलेली पाने मळकीच ठेवते आणि पुन्हा प्रयत्न करते. लिनक्स टाकून देतो. २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्याच तीन फाइल सिस्टीम आणि पाच सॉफ्टवेअरे तपासली, त्यांत आपल्या फोनमधले एसक्यूलाइटही होते. चूक झाल्यावर कोणती फाइल सिस्टीम मेमरीत नवा मजकूर दाखवत राहते आणि कोणती जुन्यावर परत जाते, यातही त्यांना फरक आढळला. पाचही सॉफ्टवेअरांचे उपाय कुठे ना कुठे अपुरे पडले. हुकूम एकच, नाव एकच, आणि वागणे जागोजागी निराळे.

मग पोस्टग्रेसने काय केले? कर्नल बदलून घेण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. थॉमस मन्रो आणि क्रेग रिंगर यांनी केलेली दुरुस्ती १४ फेब्रुवारी २०१९ ला निघालेल्या आवृत्त्यांत आली. माझ्या भावाला रात्री जागवले ते याच दुरुस्तीने. तिचा अर्थ इतकाच आहे की एफसिंकने एकदा ‘नाही’ म्हटले की त्याला पुन्हा विचारायचे नाही. दुसऱ्या वेळचा ‘हो’ कामाचा नाही. सगळे काम तिथल्या तिथे थांबवायचे, कीर्द उघडायची आणि मागचे व्यवहार पहिल्यापासून पुन्हा चढवायचे. काम बंद पडते, लोक खोळंबतात, पण खोटी पावती घेऊन पुढे जाण्यापेक्षा ते बरे.

माझ्या पेन ड्राइव्हचा प्रकार आणि हा प्रकार एक नव्हे, हे मला कळते. मी पावती मागितलीच नव्हती, त्यामुळे माझ्या फजितीचा दोष कर्नलला देता येत नाही. पण त्या दिवशी मी ठरवले की शाळा उघडली की त्या मुलीला भर वर्गात उभे करून मी माफी मागायची. जिथे बोलले तिथेच.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. दहावीच्या हजेरीत तिचे नाव होते, ती नव्हती. आठवडा गेला. मला वाटले गावाला गेली असेल. दुसऱ्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये विचारले. आमच्या एक सहकारी म्हणाल्या, “ती आता कसली येते? तिने मला जानेवारीतच सांगितले होते. आईला बरे नाही, शिलाईचे काम तिलाच करावे लागते, नववीची परीक्षा देते आणि थांबते म्हणाली. मी मोठ्या बाईंच्या कानावर घालणार होते. पण मतदार यादीच्या कामाला बाहेर पडले आणि राहून गेले.”

मला या बाईंना दोष द्यायचा नाही. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती आणि आम्हा शिक्षकांचे अर्धे दिवस त्यातच गेले होते. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि त्या कामाला गेल्या. मुलीच्या बाजूने सांगून झाले होते.

आणि फेब्रुवारीत मी स्वतः तिला विचारले होते. सहामाहीत तिचे गुण उतरले होते, वर्गात ती खिडकीबाहेर पाहत बसायची. व्हरांड्यात थांबवून मी विचारले, “घर पे सब ठीक है ना?” ती म्हणाली, “हौ टीचर, सब ठीक है.” मी पुढे गेले.

हे आठवले आणि मला भावाची गोष्ट पुन्हा आठवली. तिने एकदा सांगितले होते. ज्यांना सांगितले त्यांच्या हातून ते विसरले गेले. मग मी विचारले तेव्हा उत्तर ‘ठीक’ असे आले. पण मुलगी म्हणजे काही कर्नल नव्हे. तिने मला का सांगितले नाही याचे कारण मला माहीत होते. एकदा तिने मला ‘हौ’ म्हटले होते तेव्हा मी तिला चाळीस मुलींसमोर खोटारडी ठरवले होते. ती दुसऱ्या बाईंकडे गेली, कारण माझ्याकडे येण्याची वाट मी बंद केली होती. फेब्रुवारीतल्या त्या ‘हौ’वर मी लगेच विश्वास ठेवला, आणि ऑक्टोबरमधल्या खऱ्या ‘हौ’वर ठेवला नव्हता.

जुलैत मी तिच्या घरी गेले. एका खोलीत दोन मशिने, भिंतीला लागून निळ्या शर्टांचे गठ्ठे. आई खाटेवर पडली होती, ती मशिनीवर होती. मला पाहून उठली, सलाम केला, चहा ठेवला. मी तिला पेन ड्राइव्हचे सगळे सांगितले. संगणक आधी मेमरीत कसे टिपून घेतो, मग डिस्कवर कसे पाठवतो, माझी घाई कशी नडली, सगळे. शिकवल्यासारखेच सांगितले, कारण दुसऱ्या रीतीने मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, माझी चूक होती, तुझी नव्हती, मला माफ कर.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “टीचर, मेरेकू तो लगा था मैंनेच कुछ गलत दबाई.”

नऊ महिने ती असेच समजत होती. आपण बरोबर केले होते यावर तिचाच विश्वास उरला नव्हता. त्या पाच मुलींपैकी दोघी तिच्याच गल्लीत राहायच्या. त्यांच्या दारासमोरून जाताना ती मान खाली घालून जायची, हे तिच्या आईने मला सांगितले.

शाळेत मी तिला परत आणू शकले नाही. त्या घराला मशीन चालवणारे दोन हात हवे होते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे मी तिच्या वडिलांना सांगितले. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. फॉर्म भरून ती २०२२ च्या परीक्षेला बसली आणि पास झाली. गणितात तिला चांगले गुण मिळाले. आता ती शिलाईबरोबर एका दुकानाचे संगणकावरचे हिशेब पाहते. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तिच्या जुन्या वर्गासमोर उभी राहून ती खोटे बोलली नव्हती हे सांगितले होते. ऐकायला ती तिथे नव्हती, पण त्या पाच जणी होत्या.

शाळेत आम्ही एक वही सुरू केली आहे. साधी दोनशे पानी वही, स्टाफरूमच्या टेबलावर सुतळीने बांधलेली. मुलीने कोणत्याही शिक्षिकेला घरची अडचण, आजारपण, लग्नाची बोलणी, फीची तंगी असे काही सांगितले तर त्या शिक्षिकेने ते त्याच दिवशी एका ओळीत लिहायचे. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो. मागच्या पानावर आम्हा सगळ्यांची नावे आहेत, आणि प्रत्येकीने आपण शेवटचा कोणता क्रमांक वाचला तो आपल्या नावापुढे लिहायचा. एकीने वाचले म्हणून दुसरीचे वाचणे संपत नाही. नवीन आलेल्या शिक्षिकेने आधीपासून वाचायला सुरुवात करायची. मुलीची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून वही स्टाफरूमबाहेर जात नाही, आणि फार नाजूक गोष्ट असेल तर ‘मला विचारा’ एवढेच लिहितो.

ही कल्पना माझी नाही. जेफ लेटन नावाच्या माणसाने डिस्कच्या चुकांसाठी जे केले ते मी वहीत उतरवले, एवढेच. हे ऐकून आमच्या मोठ्या बाई आधी हसल्या, मग त्यांनी वहीचे पैसे शाळेच्या खर्चात टाकले. दर वर्षी नव्या शिक्षिका येतात, कोणी लिहायला विसरते, कोणी वाचायला विसरते. सगळ्या मुली टिकतात असेही नाही. पण ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणणे आता आम्हाला अवघड जाते.

आपल्या शाळांतल्या मुली फार बोलत नाहीत. घरात आणि बाहेर त्यांना तशी सवय लावली जाते. बहुतेक जणी आपली अडचण एकदाच सांगतात, तीही भलत्या वेळी, शिक्षिका वह्या तपासत असताना किंवा घंटा झाल्यावर. ऐकले गेले नाही तर पुन्हा सांगत नाहीत. पुन्हा विचारले तर ‘हौ, सब ठीक है’ म्हणतात. त्या खोटे बोलतात असे मला आता वाटत नाही. त्यांनी सांगून झालेले असते. पुढचे काम आपले असते, ते आपण केलेले नसते.

आता एखाद्या मुलीने ‘सब ठीक है’ म्हटले की मी लगेच पुढे जात नाही. तिला घेऊन संगणक खोलीत बसते आणि काही तरी टाइप करायला देते. टाइप करता करता मुली बोलतात. काम झाले की ती ‘हो गया टीचर’ म्हणते. मग आम्ही दोघी स्क्रीनवर ‘आता काढायला हरकत नाही’ असे येईपर्यंत थांबतो, आणि मगच पेन ड्राइव्ह काढतो.